छोट्या गावातली खुनाची कादंबरी : आराखड्यापासून शेवटच्या खर्ड्यापर्यंत

नवे लेखक मला हस्तलिखितं वाचायला देतात. त्यांत गावात घडणाऱ्या खुनाच्या कादंबऱ्या बऱ्याच असतात आणि बहुतेकींत एकच चूक पहिल्या तीस पानांत होऊन जाते. लेखक गावापासून अशा गोष्टी लपवतो, ज्या खऱ्या गावाला तासाभरात कळल्या असत्या. नायक रात्री परका माणूस घेऊन येतो आणि कुणाला पत्ता नसतो. दोन भावांचं वीस वर्षांचं भांडण शेवटच्या प्रकरणात ‘उघड’ होतं. गावात राहिलेला वाचक तिथंच पुस्तक मिटतो.

गावात घटना लपत नाही. तिचा अर्थ मात्र वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून जे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं आणि ज्याचा धागा कुणी जुळवला नाही, त्याच्यावर रहस्य उभं करायचं. ते कसं करायचं, ते खाली क्रमानं दिलं आहे. क्रम मोडू नका. टप्पा ४ पुरा होईपर्यंत पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्यही लिहू नका, कितीही सुचलं तरी.

समजायला सोपं जावं म्हणून एकच कल्पित नमुना शेवटपर्यंत वापरते. रत्नागिरी जिल्ह्यातली एक वाडी, ३४ घरं, तीन भावक्या. गौरीपूजनाची रात्र. दुसऱ्या दिवशी पहाटे अप्पा नावाचे सत्तरीतले अविवाहित गृहस्थ स्वतःच्या परसातल्या विहिरीत मृतावस्थेत सापडतात. काठावर कळशी आणि दोर. ‘हातपाय धुवायला गेले, तोल गेला,’ असं सगळे म्हणतात.

टप्पा १ : गाव कागदावर उतरवा

मोठा कागद घ्या आणि घरं काढा. प्रत्येक घराला क्रमांक द्या. मग पाणंद, देऊळ, चावडी, शाळा, विहिरी, व्हाळ (म्हणजे ओढा), एसटीचा थांबा. दोन ठिकाणांमधलं अंतर मीटरमध्ये लिहू नका, चालायला लागणाऱ्या मिनिटांत लिहा. दिवसा किती, रात्री बॅटरी घेऊन किती, पावसात शेवाळलेल्या पाखाडीवरून (दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून) किती, हे तीन आकडे वेगवेगळे येतात आणि पुढं बऱ्याचदा उलगडा त्यांच्यावरच होतो.

नंतर दुसऱ्या रंगानं आवाज आणि नजर दाखवा. कुणाच्या ओटीवरून कुणाची मागील पडवी दिसते? मृदंग वाजत असताना कुठपर्यंत हाक ऐकू जाणार नाही? कुत्री कुठल्या घराची, आणि ती कुणावर भुंकत नाहीत?

मग वेळ ठरवा. ‘गणपतीचे दिवस’ एवढ्यावर भागत नाही. वर्ष पक्कं करा आणि त्या वर्षाचं पंचांग उघडा. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती, गौरीपूजन १ सप्टेंबरला, विसर्जन २ सप्टेंबरला. गौरीपूजनाच्या रात्री चंद्र अर्ध्याहून थोडा मोठा असतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. अकरा वाजता ढगांआडून थोडा उजेड आणि एक वाजता मिट्ट काळोख, एवढं यातून हाती येतं. एका हस्तलिखितात याच रात्री ‘पौर्णिमेचं टिपूर चांदणं’ पडलं होतं. पुढची दोनशे पानं मी संशयानं वाचली, आणि संशय खुन्याचा नव्हता, लेखकाचा होता.

ऋतूचा खुनावर थेट परिणाम होतो. वैशाखात कोकणातली विहीर तळाला गेलेली असते. वरून पडलेला माणूस जांभ्याच्या कडेवर आपटेल, खालच्या खडकावर आपटेल, डोक्याला मार लागणं स्वाभाविक. भाद्रपदात तीच विहीर भरलेली असते, पाणी काठापासून हातभर खाली. तिथं तोल जाऊन पडलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला खोल जखम कशी आली? आपल्या नमुन्यात अपघाताबद्दलची पहिली शंका इथूनच येते. ती उभी करायला कुठल्याही प्रयोगशाळेची गरज नाही. विहिरीवर पाणी भरणाऱ्या कुठल्याही बाईला तो प्रश्न पडायला हवा.

सावधान : हंगामी माणसं हंगामातच दाखवा. आंब्याच्या बागांचे नेपाळी राखणदार बहुतेक आंब्याच्या हंगामापुरते येतात. गणपतीत सगळ्या बागांत ते दिसले, तर वाचक खटकून थांबेल. आणि गावानं आधी परक्यावर, मजुरावर, एखाद्या जातीवर संशय घेणं हे खरं आहे, ते जरूर दाखवा. पण लेखकानं त्याच सोयीच्या माणसाला खुनी ठरवू नये. ते अन्यायाचं तर आहेच, शिवाय वाचकालाही ते पन्नासाव्या पानावर कळलेलं असतं.

टप्पा २ : हेतू कागदपत्रांतून तपासा

गावातल्या खुनाचा हेतू विचारला की दहातले आठ लेखक ‘जमीन’ म्हणतात. हरकत नाही. पण मग सातबारा वाचता आला पाहिजे, आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) म्हणजे काय ते माहीत पाहिजे, आणि फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, कसा होतो ते पायरीपायरीनं ठाऊक पाहिजे. नोंद धरली की नोटीस निघते, हरकतीला १५ दिवसांची मुदत असते, मग प्रमाणित होते. चावडीवर लागलेली फेरफाराची नोटीस सगळं गाव वाचतं. खुनाच्या कादंबरीसाठी यापेक्षा चांगला कागद शोधून सापडणार नाही, कारण त्यात नावं असतात, तारीख असते आणि मुदत संपायची असते.

तीन गोष्टी चुकतात, त्या पक्क्या करून घ्या.

एक, मुली. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाएवढाच हक्क आला. आजच्या काळातल्या कादंबरीत ‘दोघं भाऊ वाटणी करून मोकळे झाले’ असं लिहिलंत, तर बहिणींचं काय, हा प्रश्न उरतो. त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलं का? भाऊबीजेच्या ताटात भावानं कागद ठेवला आणि बहिणीनं न वाचता सही केली, हे घराघरांत घडतं. त्या एका सहीत पूर्ण कादंबरीचं बीज असू शकतं.

दोन, खुन्याचा वारसा. त्याच कायद्याच्या कलम २५ नुसार खून करणारा किंवा खुनाला मदत करणारा माणूस मृताचा वारस होऊ शकत नाही. म्हणजे इस्टेटीसाठी खून करणाऱ्याला मृत्यू नैसर्गिक किंवा अपघाती वाटायला हवाच असतो. भर चौकात कोयत्यानं वार करणारा तुमचा खुनी इस्टेटीसाठी ते करत असेल, तर त्याचं डोकं तुम्ही नीट ओळखलेलं नाही.

तीन, वारसांचा क्रम. नमुन्यातल्या अप्पांचं लग्न झालेलं नाही, आईवडील गेले, धाकटा भाऊ गेला. उरले भावाचा मुलगा आणि चिपळूणला दिलेली बहीण. गाव म्हणतं, ‘सगळं पुतण्याचंच.’ कायदा तसं म्हणत नाही. बहीण पुतण्याच्या आधीच्या नोंदीत येते, त्यामुळे ती हयात असताना पुतण्याला वारसाहक्कानं काहीच मिळत नाही. अप्पा जिवंत राहिले असते, तर मृत्युपत्र करून त्याला काही देऊ शकले असते. मेले, आणि त्याच्या हाती शून्य आलं. आता पाहा काय झालं: तीन दिवसांपूर्वी पुतण्या अप्पांशी कडाकडा भांडला, ते सगळ्यांनी ऐकलं. पूर्वार्धभर तो पक्का संशयित आहे. मध्यावर कुणीतरी वारसांचा क्रम समजावून सांगतं आणि हेतूच कोसळतो. पण लगेच पुढचा प्रश्न येतो: पुतण्याला हे माहीत होतं का? पात्राला कायदा चुकीचा समजला तरी चालतो. लेखकाला तो बरोबरच माहीत हवा.

आपल्या नमुन्यातला खरा हेतू जमीन नाही, देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी आहे. मुंबईतल्या चाकरमान्यांनी दिलेले पैसे, खजिनदाराकडची पावतीपुस्तकं, आणि गणपतीतल्या बैठकीत वाचला जाणारा हिशेब. अप्पांना हिशेब तपासायला सांगितलं होतं. बैठक विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी होती. गावात मोठ्या रकमेपेक्षा चारचौघांत जाणारी अब्रू माणसाला जास्त घाबरवते, हे लक्षात ठेवा.

तपासणी : हेतू एका वाक्यात लिहा आणि त्यात ‘आजच का?’ याचं उत्तर आहे का पाहा. नसेल तर पुढं जाऊ नका.

टप्पा ३ : खऱ्या घटनेची हकिगत लिहून काढा

ही तीन-चार पानं फक्त तुमच्यासाठी. भाषा पंचनाम्यासारखी कोरडी, वेळेच्या क्रमानं, वर्णन नाही, मनातलं काही नाही.

नमुन्यात ती अशी येईल. रात्री ९ वाजता भजनी मंडळ पहिल्या घरापासून निघालं, २५-३० माणसं, ठरलेला मार्ग. १०.१५ ला चौथ्या घरानंतर खजिनदार टाळ दुसऱ्याच्या हातात देऊन मागं राहिला. १०.२५ ला अप्पांच्या मागील पडवीत. अप्पांनी पावत्यांच्या स्थळप्रतींचे गठ्ठे काढून ठेवले होते. बोलाचाली. पाट्यावरचा वरवंटा हाताला लागला. १०.५० पर्यंत मृतदेह विहिरीत, कळशी आणि दोर काठावर. वरवंटा व्हाळात. एक पावतीपुस्तक घेऊन तो घरी गेला, मंडळात परतला नाही. घरातली सगळी भजनाला गेली होती.

हे लिहिताना जागोजागी अडायला होईल, आणि अडायलाच हवं. वरवंटा का, पहार का नाही? मृतदेह उचलला की ओढला? पडवी शेणानं सारवलेली की फरशीची? कपडे ओले झाले, ते कुठं वाळले? एकेका प्रश्नातून एकेक सुगावा मिळतो. तुम्ही तो ‘शोधून काढलेला’ नसतो, घटनेनं दिलेला असतो, म्हणून तो खरा वाटतो. पाट्यावर वरवंटा नाही, हे पोलिसांच्या लक्षात येणार नाही. मयताच्या घरी स्वयंपाकघर आवरायला आलेल्या पहिल्याच बाईच्या येईल.

सावधान : विषानं मारायचं असेल तर विचार करून मारा. शेतीच्या कीटकनाशकांना इतका उग्र वास असतो की ती चहातून गुपचूप दिली, हे ज्या घरात फवारणी होते त्या घरातला वाचक मानणार नाही.

टप्पा ४ : बातमीचा तक्ता करा

सगळ्या कामात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आणि जवळजवळ सगळ्यांनी गाळलेला टप्पा हा. हकिगतीत काय घडलं ते आहे. तक्त्यात कुणाला काय, कधी आणि कुणाकडून कळलं ते येतं.

उभ्या रांगेत पात्रं, आडव्या रांगेत बातम्या. प्रत्येक चौकटीत वेळ आणि कळण्याची वाट लिहा: ‘पहाटे ५.४०, दूध घालायला आलेल्या मुलाकडून’. जिथं पात्राला चुकीची बातमी पोचली, तिथं ती चुकीची बातमी लिहा. चौकट रिकामी राहिली तर त्या पात्राला ती गोष्ट अजून ठाऊक नाही, आणि तोवर त्याच्या तोंडी ती यायची नाही.

आता नमुन्यातला गाभा पाहा. रात्री १०.४० ला मुंबईहून फोन येतो: दुसऱ्या भावकीतले एक आजोबा तिथल्या रुग्णालयात वारले. त्या भावकीला सुतक लागलं. तिची घरं मार्गावर सहावं, सातवं, आठवं. मंडळ पाचव्या घरात होतं. बातमी कळताच गजर थांबला, ती तीन दारं सोडली आणि सगळे गुपचूप नवव्या घराकडं गेले.

खजिनदार त्या वेळी अप्पांच्या पडवीत आहे. त्याच्या चौकटीत ‘सुतक’ रिकामं आहे.

पहाटे साडेपाचला विहिरीवर ओरडा होतो. माणसं धावतात, तोही धावतो. तिथंच त्याला कुणीतरी सहज विचारतं, रात्री किती वाजले तुम्हाला. तो दरवर्षीच्या सवयीनं सांगतो, सातव्या घरी, म्हणजे तुकारामाकडं, चहा घेतला आणि मग घरी गेलो. सातव्या घरी त्या रात्री चूल पेटली नव्हती.

एवढा एक सुगावा सबंध कादंबरी पेलू शकतो. तो कुठंही लपवलेला नाही. भजन तीन घरं चुकवून गेलं, हे वाडीतल्या पोरासोरांनाही माहीत आहे. खजिनदार काय म्हणाला, ते दहा जणांनी ऐकलं आहे. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवायचं कुणाला सुचलं नाही, कारण दोन मयतांच्या गडबडीत कोण कुणाच्या चहाचा हिशेब ठेवतो?

तपासणी : खुन्यानं जे बोलायला नको होतं, ते तो तक्त्यातल्या नेमक्या कुठल्या रिकाम्या चौकटीमुळे बोलला, ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. आणि त्याला ती बातमी आणखी पंधरा मिनिटं आधी कळली असती, तर काय झालं असतं? ‘काहीच फरक पडला नसता’ असं उत्तर आलं, तर वेळा पुन्हा बसवा.

टप्पा ५ : सुगावे पेरा

मुख्य सुगावा कादंबरीच्या पहिल्या निम्म्यात वाचकासमोर पूर्णपणे यायला हवा. अर्धवट नाही, सूचक नाही, पूर्ण. मग तो झाकायचा कसा? गावात झाकायला सर्वांत चांगली वस्तू म्हणजे नेहमीची कटकट.

नमुन्यात देवळाच्या भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी पाटी लागली आहे. दुसऱ्याच प्रकरणात एक चाकरमानी भर मांडवात आरडाओरडा करतो: ‘पाच हजार दिले, पावती आहे माझ्याकडे, आणि नाव कुठंय माझं?’ लोक त्याला शांत करतात. दरवर्षी कुणाचं तरी नाव राहतंच, कुणाची आडनावं चुकतात, कुणाला आपलं नाव वरच्या ओळीत हवं असतं. वाचक हा मानापमानाचा प्रसंग म्हणून वाचतो, त्याला आपला गाव आठवतो, आणि पुढं जातो. हिशेबात न आलेलं पावतीपुस्तक त्यानं इथंच पाहिलेलं असतं.

दोन पथ्यं. सुगावा परिच्छेदाच्या शेवटच्या वाक्यात कधीही ठेवू नका, तिथं ठेवलेली वस्तू आपोआप ठळक होते. आणि एका प्रसंगात एकच सुगावा.

टप्पा ६ : संशयित मोजके ठेवा

पाच पुरेत, सहा फार झाले. गावात नावांचा घोळ मोठा असतो, एकाच भावकीत चार ‘दादा’ आणि तीन ‘नाना’. वाचकाला प्रत्येकाचा आवाज ओळखता आला पाहिजे. प्रत्येक संशयिताकडे लपवायला काहीतरी खरं असू द्या, पण ते खुनाशी जोडलेलं नसावं.

टप्पा ७ : पोलीस आणि कायदा बरोबर लिहा

या ठिकाणी हस्तलिखितं सपाट कोसळतात, कारण लेखक टीव्हीवरून शिकलेला असतो. खरा क्रम असा आहे.

पोलीस पाटील ठाण्याला कळवतात. अशा संशयास्पद मृत्यूची सुरुवातीला अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चौकशी सुरू होते (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७४). बीट अंमलदार येतात, अधिकारी येतात, पंच बोलावले जातात. मरणोत्तर पंचनामा होतो, स्थळ पंचनामा होतो, मृतदेह शवविच्छेदनाला ग्रामीण रुग्णालयात जातो. घातपात दिसला की गुन्हा दाखल होतो. विसर्जनाचा दिवस असेल तर निम्मं ठाणं बंदोबस्तावर आहे, हेही विसरू नका. ती दिरंगाई कथेच्या कामाची आहे.

कलमांचं काळाशी गणित जुळवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, खुनाचं कलम १०३. त्याआधीच्या खुनाला भारतीय दंड संहितेचं ३०२. अर्थात ओटीवर बसलेला म्हातारा आजही ‘तीनशे दोन लागेल’ असंच म्हणेल, आणि म्हणू द्यावं. ठाणे अंमलदारानं मात्र कागदावर १०३ लिहिलं पाहिजे.

डॉक्टरांच्या तोंडी ‘मृत्यू अकरा वाजून दहा मिनिटांनी झाला’ असं वाक्य घालू नका. मरणोत्तर ताठरपणा साधारण बारा तासांत सर्व शरीरभर येतो, तेवढाच टिकतो आणि तेवढ्याच काळात उतरतो, असा ढोबळ आडाखा आहे. उष्ण हवेत तो लवकर येतो आणि लवकर जातो, पाण्यात गणित आणखी बदलतं. डॉक्टर काही तासांचा पल्ला सांगतील. तुमच्या कथेला मिनिटांची गरज असेल, तर ती भजनातून, फोनच्या नोंदीतून, शेवटच्या एसटीतून मिळवा. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले शरीरातल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवला, तर प्रयोगशाळेचा अहवाल दुसऱ्या दिवशी हातात येत नाही.

मोबाइलबद्दल एक. सगळी वाडी एकाच टॉवरखाली असेल, तर ‘लोकेशन’वरून कोण कुणाच्या पडवीत होतं ते कळणार नाही. कुणाचा फोन कुणाला किती वाजता आला, ते मात्र नोंदीत पक्कं मिळतं. नमुन्यातली १०.४० ची वेळ तशीच सिद्ध होते.

सावधान : पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा होत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ तेच सांगतं. पण आरोपीनं दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी संबंधित तेवढा भाग ग्राह्य धरता येतो. म्हणून निवेदन पंचनामा (आरोपीनं पंचांसमोर दिलेल्या माहितीची नोंद), मग व्हाळातून काढलेला वरवंटा, मग जप्ती पंचनामा, हा प्रसंग उलगड्यानंतर लिहा. जप्तीचं चित्रीकरणही आता करावं लागतं.

टप्पा ८ : शोध घेणारी व्यक्ती आणि तिची हाक

शहरातून आलेला हुशार अधिकारी नको, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला गाव समजावून सांगण्यात शंभर पानं जातात. नमुन्यात मी पोलीस पाटील असलेली एक सून घेतली आहे. कायद्यानं तिला खबर देण्याचा अधिकार आहे, नात्यानं प्रश्न विचारायची मुभा नाही. खजिनदार तिचा चुलत दीर लागतो.

हस्तलिखितात असा संवाद येतो:

‘काल रात्री दहा ते बारा तुम्ही कुठे होतात?’

कुठलीही सून चुलतदिराला असं विचारणार नाही, पोलीस पाटील असली तरी. विहिरीच्या काठावर, हातात बॅटरी, समोर माणसं उभी. ती असं बोलेल:

‘भावोजी, तुम्हालाही झोप अशी झालीच नसेल. भजन संपायला उशीरच झाला ना?’

‘मी कुठं थांबलो शेवटपर्यंत. तुकारामाकडं चहा झाला, तसाच घरी आलो.’

‘तुकारामभावोजींकडं झाला का चहा?’

‘झाला की. दरवर्षी होतो.’

ती काही बोलत नाही, पदर सावरून बॅटरी पाण्याकडं वळवते. प्रकरण इथंच थांबवा. तिच्या मनात काय आलं ते लिहू नका. ‘दरवर्षी होतो’ हे तीन प्रकरणांनंतर वाचकाला आपोआप आठवलं पाहिजे.

प्रत्येक जोडीसाठी हाक ठरवून ठेवा: कोण कुणाला अहो, कोण अरे, कोण नावानं, कोण नात्यानं, आणि रागात ती हाक बदलते का. बोली येत असेल तर संवादांत वापरा. येत नसेल तर प्रत्येक वाक्याला ‘गो’ आणि ‘रे’ चिकटवू नका. साधी मराठी आणि बरोबर नातं, एवढ्यानं माणूस उभा राहतो.

टप्पा ९ : मग प्रकरणं पाडा

साठ-सत्तर हजार शब्दांची कादंबरी धरली, तर तीसेक प्रकरणं होतात. मृतदेह तिसऱ्या प्रकरणाच्या आत सापडू द्या, पण त्याआधी अप्पांना एकदा तरी जिवंत भेटवा. हिशेबाच्या वहीत तांबड्या शाईनं टिंब करणारे, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेले अप्पा वाचकानं पाहिले असतील, तरच ते गेल्याचं त्याला काही वाटेल. मध्यावर पहिल्या संशयिताचा हेतू पडतो. शेवटच्या पाचव्या हिश्श्यात नवं पात्र आणि नवी माहिती आणायची नाही.

टप्पा १० : उलगडा

सगळ्यांना देवळात जमवून भाषण करण्याचा मोह होतो. गावात सगळे तसेही जमतात: तेराव्याला, बैठकीला, पालखीला. जे जमणं आपोआप होणार आहे, तेच वापरा. नमुन्यात पुढं ढकललेली हिशेबाची बैठक आहे. पोलीस पाटील सून आरोप करत नाही, ती फक्त त्या रात्रीचा भजनाचा मार्ग विचारते, घरामागून घर. लोक मोठ्यानं सांगू लागतात. पाचवं. मग? मग नववं. खजिनदाराच्या बायकोची मान खाली जाते, कारण तिला त्या क्षणी कळतं.

उलगड्यात स्पष्टीकरण दोन पानांपेक्षा जास्त लागत असेल, तर दोष उलगड्यात नसतो. टप्पा ४ कडं परत जा.

टप्पा ११ : दुसरा खर्डा

पहिला खर्डा महिनाभर बाजूला ठेवा. मग तो दोनदा वाचा, दोन वेगळ्या कामांसाठी. पहिल्या वाचनात फक्त खुनी पात्राची पानं, सलग. तो ज्या प्रसंगात आहे, तिथं तो खुनी आहे हे माहीत असताना त्याचं वागणं पटतं का? निर्दोष माणसाचे विचार त्याच्या डोक्यात घालून वाचकाला फसवलं असेल, तर ते काढा. दुसऱ्या वाचनात नकाशा, पंचांग आणि तक्ता शेजारी ठेवून फक्त वेळा आणि अंतरं तपासा.

खऱ्या गावाचं, खऱ्या आडनावांचं, एखाद्या खऱ्या मयताचं सावट राहिलं असेल तर ते आताच पुसा. ज्यांच्या ओटीवर बसून तुम्ही हे सगळं ऐकलंत, त्यांना तिथंच राहायचं आहे.

शेवटी दोन वाचक गाठा. एक गावात वाढलेली बाई, शक्यतो साठीच्या पुढची, आणि एक पोलीस खात्यात किंवा न्यायालयात काम केलेला माणूस. त्यांना ‘आवडलं का’ विचारू नका. प्रत्येकाला पेन्सिल द्या आणि जिथं ‘असं होत नाही’ वाटेल तिथं समासात फुली मारायला सांगा. फुल्या मोजा, त्या पानांवर परत जा, आणि आधी तक्ता दुरुस्त करून मगच वाक्यांना हात लावा.